संगणकाला गावची साक्ष

पावसाचा हिशेब वरवर सोपा: काही पाणी वाहून जातं, काही मातीत थांबतं, काही पीक पितं, उरलेलं विहिरींकडे झिरपतं. मुंबईच्या आयआयटीनं राज्य सरकारच्या हवामान-अनुकूल शेतीच्या ‘पोकरा’ प्रकल्पासाठी हाच ताळेबंद संगणकावर बसवला. २०१८पासून मराठवाडा-विदर्भातली हजारो गावं त्यात आली. पण कुठली विहीर माघातच तळ गाठते? ते शिवारफेरीत कळतं, संगणकाला नाही.

पाण्याच्या हिशेबाचं असंच प्रारूप शहरी झालेल्या भागात, पनवेलच्या ओवे गावात, करायचं, तर शेताच्या जागी काँक्रीट धरावं लागेल, म्हणजे मुरणं जवळजवळ शून्य! उतारांचा नकाशा खारघरच्या डोंगरावरचं पाणी कुठे उतरेल ते दाखवील. मात्र कुठला ओहोळ भरावाखाली गेला, कोणती मोरी पहिल्याच सरीत तुंबते, हे जुन्या रहिवाशांनाच विचारावं लागेल.