नदीच्या मालाची मोजदाद

दुकानातला माल आपण मोजतो. वाहत्या नदीतला कसा मोजावा? अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवर, ग्लेन कॅन्यन धरणाखाली, 2012 पासून पर्यटकांना नेणारे नावाडीच या कामाला लागले. संध्याकाळी काठावर तासभर दिवा लावायचा, खाली अल्कोहोलचे भांडे ठेवायचे. त्यात पडलेले कीटक सरकारी संशोधक मोजतात.

माशांची रीत निराळी. पाण्यात सौम्य वीज सोडून पकडायचे, खूण करून सोडायचे. समजा 100 खुणेचे सोडले आणि पुढच्या खेपेस पकडलेल्या 50 मध्ये 10 खुणेचे निघाले, तर नदीत सुमारे 500. साधे त्रैराशिकच की!

कीटकांच्या हिशेबात खोट दिसली. विजेच्या मागणीप्रमाणे धरणाचे पाणी रोज चढते-उतरते; काठाशी घातलेली अंडी उघडी पडून वाळतात. कीटक घटले की ट्राउट मासा उपाशी, आणि गळ टाकणाऱ्या शौकिनांवर पोट असलेला वाटाड्याही. म्हणून 2018 च्या मे ते ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी पाणी कमी व स्थिर ठेवले. त्या दिवशी घातलेली अंडी पुढे आठवडाभर पाण्याखालीच राहतात. सुटीला विजेचे गिऱ्हाईकही थोडे, म्हणून हेच दोन दिवस निवडले. आम्हाला ही व्यापारी अक्कल आवडली. त्याच उन्हाळ्यात कॅडिस जातीचे कीटक वाढलेले आढळले.