दुचाकीच्या मागील ब्रेकचा आवाज: कारणे आणि उपाय

राजधानी दिल्लीत सिग्नलचा लाल दिवा लागला की थांबणाऱ्या वाहनांच्या गर्दीतून एक कर्कश किणकिणाट हमखास ऐकू येतो. हा आवाज बहुतेकदा मोटारसायकलच्या मागील ब्रेकचा असतो. दिल्लीतील नोंदणीकृत वाहनांपैकी सुमारे दोन तृतीयांश वाहने दुचाकी आहेत. नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद आणि गुरुग्राम येथून कामासाठी दररोज दिल्लीत येणाऱ्यांतही दुचाकीस्वारांची संख्या मोठी आहे. अनेक जण या आवाजाची सवय करून घेतात. मात्र ब्रेकचा प्रत्येक आवाज निरुपद्रवी नसतो. त्यामागील कारण वेळीच ओळखणे सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यक आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. त्यामुळे ब्रेकने साथ देण्यास क्षणभर विलंब केला तरी त्याची किंमत मोठी असू शकते.

आवाज का होतो?

कमी क्षमतेच्या बहुसंख्य मोटारसायकलींना मागील चाकात ड्रम ब्रेक असतो. चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमच्या आत अर्धवर्तुळाकार दोन ब्रेक शू बसविलेले असतात. पायाने पेडल दाबले की कॅम नावाचा लहान भाग फिरतो व शू बाहेरच्या बाजूस ढकलले जातात. शूवरील लायनर ड्रमच्या आतील पृष्ठभागावर घासला जातो आणि चाकाची गती कमी होते. पेडल सोडल्यावर स्प्रिंग हे शू पुन्हा आत ओढून घेतात.

लायनर आणि ड्रम यांचे घर्षण एकसारखे राहिले तर आवाज जाणवत नाही. ते एकसारखे नसेल तर लायनर क्षणभर चिकटतो, क्षणभर सुटतो आणि ही क्रिया सेकंदाला हजारो वेळा घडते. फळ्यावर खडू विशिष्ट कोनात धरल्यास तो किंचाळतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. या कंपनाने ड्रम घंटेसारखा घुमू लागतो व आवाज दूरवर पोहोचतो.

दिल्लीच्या हवामानाचा परिणाम

घर्षणात असा बिघाड होण्यास धूळ हे एक प्रमुख कारण आहे. आयआयटी कानपूरने दिल्लीच्या हवेसंदर्भात २०१६ मध्ये सादर केलेल्या अहवालात, १० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांपैकी ५६ टक्के कण रस्त्यावरील धुळीचे असल्याचे नमूद करण्यात आले होते. मे-जून महिन्यांत पश्चिमेकडून येणाऱ्या धुळीच्या वादळांची त्यात भर पडते. हे कण ड्रममध्ये शिरून लायनरच्या भुकटीत मिसळतात.

पावसाळ्यात रस्त्यांवर साचणारे पाणी आणि डिसेंबर-जानेवारीतील दाट धुके यांमुळे ड्रमच्या आत गंजाचा पातळ थर धरतो. सकाळी पहिल्या चार-पाच वेळा ब्रेक लावताना आवाज येऊन नंतर तो थांबत असेल तर चिंतेचे कारण नसते. तो थर घासला जाऊन निघून जातो. वाहतूक कोंडीत सतत ब्रेकवर पाय ठेवण्याची सवय मात्र घातक ठरते. त्यामुळे लायनर तापतो, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत व कडक होतो आणि ब्रेकची पकड कमी होते.

दोष कसा ओळखावा?

गाडी मुख्य स्टँडवर उभी करावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि मागील चाक हाताने फिरवावे. ब्रेक न दाबताच घासल्याचा आवाज येत असेल तर ब्रेक प्रमाणापेक्षा अधिक घट्ट बसविलेला असणे, स्प्रिंग सैल पडणे किंवा कॅम कोरडा होऊन अडकणे ही कारणे संभवतात. बेअरिंग वा साखळीही तपासावी. केवळ ब्रेक दाबल्यावर आवाज येत असेल तर दोष लायनर किंवा ड्रममध्ये असतो.

ब्रेकच्या बाहेरील दांड्यापाशी बाणाची खूण असते. ब्रेक पूर्ण दाबला असता हा बाण पट्टीवरील खुणेपर्यंत पोहोचला तर लायनर झिजला आहे असे समजावे. अशा वेळी साफसफाईचा उपयोग नाही, शू बदलणे हाच उपाय आहे. धातूवर धातू घासल्यासारखा खरखरीत आवाज येत असेल तर गाडी चालविणे थांबवावे.

दुरुस्तीची पद्धत

चाक काढल्यानंतर ड्रममधील भुकटी ओल्या कापडाने पुसून घ्यावी. लायनर पुरेसा जाड पण चकचकीत झाला असल्यास त्यावर पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. ड्रमच्या आतील भागही तसाच साफ करावा. ड्रमला खोल चरे पडले असल्यास तो कुशल कारागिराला दाखवावा. कॅम आणि शू ज्या खिळीवर टेकतात तिला ग्रीसचा अगदी पातळ लेप द्यावा. ग्रीसचा थेंबही लायनरला लागू देऊ नये.

आवाज बंद करण्यासाठी ड्रममध्ये तेल सोडण्याचा प्रकार काही ठिकाणी आढळतो. त्याने आवाज थांबतो, पण त्यासोबत ब्रेकही निकामी होतो. तेल शोषलेला लायनर पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही.

चाक बसविल्यावर पेडलची मोकळी हालचाल तपासावी. अनेक मोटारसायकलींसाठी ती २० ते ३० मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. साखळीचा ताण आणि मागील दिवा ब्रेकसोबत लागतो किंवा नाही, हेही पाहावे. नवे शू बसविल्यास ते ड्रममध्ये नीट बसेपर्यंत सुरुवातीचे काहीशे किलोमीटर जोरात ब्रेक लावणे टाळावे.

मागील चाकास डिस्क ब्रेक असल्यास पॅडची जाडी, डिस्कवरील तेलकटपणा आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना तपासाव्यात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या सर्व नव्या दुचाकींना अँटी-लॉक ब्रेक, तर त्याहून लहान दुचाकींना किमान संयुक्त ब्रेक यंत्रणा बंधनकारक करण्यात आली. संयुक्त यंत्रणेत मागील ब्रेक लावताच पुढील ब्रेकही काही प्रमाणात लागतो. त्यामुळे अशा गाडीत दोन्ही ब्रेकचे जुळणे जाणकाराकडूनच तपासून घेणे श्रेयस्कर.

कारागिराच्या आरोग्याचा प्रश्न

करोल बागेतील नाईवाला गल्लीसारख्या बाजारांत दुचाकींचे सुटे भाग विविध किमतींत मिळतात. खरेदी करताना पाकिटावर उत्पादकाचे नाव आणि अ‍ॅस्बेस्टॉसविरहित असल्याचा उल्लेख पाहावा. पूर्वी लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचा सर्रास वापर होत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा पदार्थ मानवात कर्करोग निर्माण करणारा असल्याचे निश्चित केले आहे. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर सर्वंकष बंदी घातली. भारतात मात्र तशी सर्वंकष बंदी नाही आणि लायनर कशाचा आहे हे डोळ्यांनी पाहून ओळखता येत नाही.

म्हणूनच ड्रममधील भुकटी तोंडाने फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडविणे धोक्याचे आहे. गॅरेजमध्ये दिवसभरात अनेक गाड्यांचे ब्रेक उघडणाऱ्या कारागिराच्या, अनेकदा अल्पवयीन मदतनिसाच्या श्वासातून ती थेट फुप्फुसांत जाते. ओले कापड आणि नाकातोंडावर मास्क एवढी खबरदारी घेतली तरी हा धोका पुष्कळ कमी होतो. गाडी दुरुस्तीला देणाऱ्या ग्राहकानेही तसा आग्रह धरण्यास हरकत नाही.