विश्लेषण : बॉयलरचे प्रेशर सारखे का उतरते? ब्रिटनमधील घर गार पडण्याआधी काय तपासावे?

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर उजाडला की घरोघरी हीटिंग सुरू होते आणि उन्हाळाभर बंद असलेल्या बॉयलरच्या कुरबुरीही सुरू होतात. त्यातली नेहमीची कुरबुर म्हणजे प्रेशर उतरणे. काटा लाल पट्ट्यात जातो, बॉयलर बंद पडतो आणि रेडिएटर गार होतात. पाणी भरले की दोन-चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. शिक्षण किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रकार अगदीच नवा असतो. तांब्याचा बंब किंवा न्हाणीघरातला गीझर पाहिलेल्यांना संपूर्ण घर गरम करणारे यंत्र हाताळण्याची सवय नसते. त्यामुळे काही जण घाबरून लगेच मेकॅनिक बोलावतात, तर काही जण हिवाळाभर नुसते पाणी भरत राहतात. दोन्हींत खर्च होतो, आणि दुसऱ्यात तो उशिरा कळतो.

प्रेशर नेमके कशाचे?

सर्वात आधी एक गैरसमज दूर करायला हवा. बॉयलरवरचा काटा गॅसचे प्रेशर दाखवत नाही, तो पाण्याचे प्रेशर दाखवतो. ब्रिटनमधील बहुतेक घरांत आता ‘कॉम्बी’ बॉयलर असतो. त्यात पाण्याचे दोन वेगळे मार्ग असतात. एक नळाला येणाऱ्या गरम पाण्याचा आणि दुसरा रेडिएटरचा. रेडिएटरचा मार्ग बंदिस्त असतो. तेच पाणी बॉयलरमध्ये तापते, पंपाने खोल्याखोल्यांत फिरते आणि गार होऊन परत येते. मोटारीच्या रेडिएटरसारखीच ही रचना आहे. मार्ग बंदिस्त असल्याने त्यातले पाणी कमी व्हायला नको. प्रेशर वारंवार उतरत असेल, तर पाणी कुठून तरी बाहेर जात आहे किंवा प्रेशर सांभाळणारा भाग बिघडला आहे.

किती प्रेशर योग्य?

बॉयलर गार असताना साधारण १ ते १.५ बार. हीटिंग सुरू झाल्यावर काटा थोडा वर सरकतो, २ बारपर्यंत गेला तरी काळजी नसते. १ बार म्हणजे सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. दुमजली घरात वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरपर्यंत पाणी भरलेले राहण्यासाठी एवढा दाब पुरतो. तो साधारण अर्ध्या बारच्या खाली गेला की अनेक बॉयलर स्वतःहून बंद होतात. पाण्याविना यंत्र तापून जळू नये, यासाठीची ही सोय आहे. पडद्यावर तेव्हा सांकेतिक क्रमांक दिसतो. उदाहरणार्थ, व्हॅलंटच्या बॉयलरवर ‘एफ २२’ किंवा आयडियलच्या बॉयलरवर ‘एफ १’. दुसऱ्या टोकाला ३ बारची मर्यादा असते. तिथे सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी घराबाहेर सोडतो. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचे जे काम, तेच याचे.

पाणी भरायचे कसे?

वर्षातून एक-दोनदा पाणी भरावे लागणे सर्वसाधारण मानले जाते. हे काम घरमालक किंवा भाडेकरू स्वतः करू शकतो. बॉयलर बंद करून गार होऊ द्यावा. बॉयलरखाली बहुधा दोन छोट्या व्हॉल्व्हना जोडणारी, चंदेरी जाळीची नळी दिसते. तिला ‘फिलिंग लूप’ म्हणतात. काही बॉयलरमध्ये नळीऐवजी छोटी किल्ली किंवा खटका असतो. कोणता प्रकार आहे, ते बॉयलरच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. व्हॉल्व्ह हळूहळू उघडावेत, पाणी शिरल्याचा आवाज येतो. काटा १ ते १.५ च्या दरम्यान आला की दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद करावेत आणि मग बॉयलर सुरू करावा. एखादा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहिला तर प्रेशर उतरण्याऐवजी चढत राहते आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो.

रेडिएटरमधली हवा काढल्यानंतरही प्रेशर उतरते. हवेने अडवलेली जागा रिकामी होते, म्हणून काटा खाली येतो. अशा वेळी एकदा पाणी भरले की प्रश्न मिटतो, तो बिघाड नव्हे.

मग नुसते पाणी भरत राहिले तर काय बिघडते?

इथेच खरे नुकसान होते. बंदिस्त मार्गातल्या जुन्या पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो, त्यामुळे गंज फारसा चढत नाही. नळाचे ताजे पाणी दरवेळी नवा ऑक्सिजन घेऊन येते. पोलादी रेडिएटर आतून गंजतात, काळा गाळ तयार होतो आणि तो पंपात व बॉयलरच्या बारीक मार्गांत अडकतो. गंज रोखण्यासाठी पाण्यात घातलेले रसायनही पातळ होत जाते. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये पाणी जड असल्याने क्षारांचा थर वेगळाच. छोट्या गळतीकडे दुर्लक्ष करून वर्षभर पाणी भरत राहिले, तर एका वायसरच्या कामाचे रूपांतर मोठ्या दुरुस्तीत होऊ शकते.

जमिनीवर थेंबही नाही, मग गळती कुठे?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात विचारला जातो. उत्तर साध्या गणितात आहे. समजा, बॉयलरमध्ये ८ लिटरची एक्स्पान्शन टाकी आहे आणि तिच्यात ०.७५ बार दाबाने हवा भरलेली आहे. अशा वेळी काटा १.५ वरून १ बारवर यायला फक्त दीड लिटरच्या आसपास पाणी जावे लागते. हे आठवडाभरात गेले असेल, तर दिवसाला जेमतेम ग्लासभर. तापलेल्या रेडिएटरच्या जोडावर एवढे पाणी थेंबाथेंबाने येते आणि तिथेच सुकते. म्हणून डबके शोधण्यापेक्षा खुणा शोधाव्यात. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह, हवा काढायचा स्क्रू आणि पाइपचे जोड कोरड्या टिश्यूने पुसून पाहावेत. पांढरा थर, हिरवट डाग, गंजाचा ओघळ, गालिच्याचा ओलसर कोपरा किंवा खालच्या मजल्याच्या छतावरचा पिवळट डाग यांतून गळतीचा माग लागतो. लाकडी फरशीखालून जाणाऱ्या पाइपची गळती मात्र डोळ्यांना दिसत नाही.

काटा वर-खाली नाचत असेल तर?

पाणी तापले की फुगते. १० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापताना त्याचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढते. घरातल्या यंत्रणेत १०० लिटर पाणी असेल, तर दोन लिटरहून अधिक जादा जागा लागते. ती जागा एक्स्पान्शन टाकी देते. तिच्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी असते. हवा निघून गेली किंवा पडदा फाटला, की फुगणाऱ्या पाण्याला जागा उरत नाही. हीटिंग सुरू होताच काटा झपाट्याने ३ कडे जातो, सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर टाकतो आणि यंत्रणा गार झाली की काटा शून्याकडे घसरतो. एकदा उघडलेल्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो पुढेही ठिबकत राहू शकतो.

याची खूण घराबाहेर सापडते. सेफ्टी व्हॉल्व्हचा तांब्याचा पाइप बहुधा भिंतीतून बाहेर काढून खाली किंवा भिंतीकडे वळवलेला असतो. त्याखाली एखादे भांडे ठेवून पाहावे. पाइपचे तोंड मात्र कधीही बंद करू नये. त्यातून कढत पाणी येऊ शकते, त्यामुळे हातही लावू नये. शेजारी प्लास्टिकचा पाइप असेल आणि बॉयलर चालू असताना त्यातून पाणी येत असेल, तर ते बहुधा धुराच्या वाफेचे साचलेले पाणी असते. ते नेहमीचेच असते.

बिघाड बॉयलरमध्ये की पाइपमध्ये?

आठवडाभर नोंद ठेवली तरी पुष्कळ उलगडा होतो. रोज सकाळी हीटिंग सुरू होण्याआधी आणि तापल्यानंतर तासाभराने काटा पाहून लिहून ठेवावा. गार असतानाचा आकडा रोज थोडा थोडा उतरतो आणि तापल्यावर फारशी उडी नसते, तर संशय पाइप आणि रेडिएटरवर जातो. तापल्यावर मोठी उडी आणि गार झाल्यावर मोठी घसरण असेल, तर एक्स्पान्शन टाकीवर. कुठेच ओल नाही, बाहेरचा तांब्याचा पाइपही कोरडा, तरी प्रेशर उतरते, तेव्हा बॉयलरच्या आतला हीट एक्स्चेंजर फुटून पाणी प्लास्टिकच्या पाइपातून गुपचूप वाहून जात असल्याची शक्यता असते. इंजिनिअर याची खात्री करण्यासाठी बॉयलर बंद करून रेडिएटरकडे जाणारे व्हॉल्व्ह काही तास बंद ठेवतो. तरीही काटा उतरला तर दोष बॉयलरमध्ये, नाही उतरला तर घरातल्या पाइपमध्ये.

इंजिनिअर कधी बोलवावा?

महिन्याभरात दुसऱ्यांदा पाणी भरावे लागले, काटा ३ च्या जवळ जाऊ लागला किंवा बॉयलरमधूनच पाणी ठिबकू लागले, तर आणखी वाट पाहू नये. गॅसच्या मार्गाशी आणि ज्वलनकक्षाशी संबंधित काम करण्याची परवानगी फक्त ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या इंजिनिअरला आहे. १ एप्रिल २००९ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये या नोंदणीने जुन्या ‘कॉर्गी’ची जागा घेतली. प्रत्येक इंजिनिअरकडे छायाचित्र असलेले ओळखपत्र असते आणि तो कोणती कामे करू शकतो, ते त्याच्या मागच्या बाजूला लिहिलेले असते. ते पाहायला मागण्यात संकोच नसावा. ओळखीतला ‘हाताला काम येणारा’ माणूस स्वस्तात पडतो म्हणून त्याला बॉयलर उघडू देणे बेकायदा तर आहेच, शिवाय जिवावर बेतू शकते.

भाड्याच्या घरात खर्च कोणाचा?

इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम ११ नुसार, साधारणतः सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारात हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. करारात काही वेगळे लिहिले म्हणून ती टळत नाही. घरमालकाच्या गॅस उपकरणांची दरवर्षी तपासणी होणेही बंधनकारक आहे. तिची प्रत राहत्या भाडेकरूला २८ दिवसांत आणि नव्या भाडेकरूला घरात येण्याआधी मिळायला हवी. तक्रार फोनवर न करता ई-मेलने करावी. त्यात आठवड्याची नोंद, काट्याची छायाचित्रे, किती वेळा पाणी भरले ते आणि घरात तान्हे मूल किंवा वृद्ध असल्यास त्याचा उल्लेख असावा. ‘बॉयलर नीट चालत नाही’ या एका ओळीपेक्षा अशी नोंद लवकर हलवते. चिडून भाडे थांबवणे मात्र अंगाशी येऊ शकते.

धोका नेमका कधी?

प्रेशर उतरल्याने गॅस गळत नाही. बॉयलर बंद पडणे ही त्या वेळची सुरक्षितताच असते. पण गॅसचा वास आला, तर खिडक्या उघडाव्यात, विजेची बटणे दाबू नयेत, शक्य असल्यास मीटरजवळचा गॅसचा मुख्य खटका बंद करावा, बाहेर पडावे आणि ०८०० १११ ९९९ या क्रमांकावर कळवावे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तो चोवीस तास चालू असतो. घरात सगळ्यांनाच डोकेदुखी, चक्कर किंवा मळमळ होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्यावा. या वायूला वास नसतो. त्यासाठी अलार्म हवाच. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत तो बसवणे घरमालकावर बंधनकारक आहे. आपल्या घरातला अलार्म चालतो का, हे त्याचे बटण दाबून आजच पाहता येते.