“तऱ्हेवाईक” म्हणून तिला गटाबाहेर काढू नका

मैत्रिणींनो, एखाद्या गटात अशी एक बाई असते. बैठकीला येते, पण कोपऱ्यात बसते. वर्षं गेली तरी तिची भीड चेपत नाही. बायका आपसात हसल्या की तिला वाटतं, मलाच हसल्या. बोलणं आडवळणाचं, राहणी वेगळीच. टीव्हीवरची बातमीसुद्धा आपल्यासाठीच निरोप आहे, असं तिला वाटतं. घरच्यांपलीकडे मैत्रीण नाही. लोक म्हणतात, “तिला बाहेरचं झालंय.”

हा स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व विकार असू शकतो. तो साधारण तरुणपणी दिसू लागतो आणि पुढे टिकून राहतो. स्किझोफ्रेनियाशी त्याचं नातं आहे. ज्या घरात तो आजार आहे, तिथे हा जास्त आढळतो. पण स्किझोफ्रेनियात सतत आवाज ऐकू येतात, मनातला संशय पक्का होऊन बसतो. इथे सहसा तेवढं होत नाही. काहींना मात्र पुढे तो आजार होऊ शकतो, म्हणून लक्ष ठेवावं.

मग मांढरदेवच्या जत्रेत अंगात येणाऱ्या सगळ्या आजारी का? तसं नाही. नजर, नवस, अंगात येणं हे गावात चारचौघी मानतात. डॉक्टर एवढ्यावरून आजार ठरवत नाहीत. जे गावालाही वेगळं वाटतं, वर्षानुवर्षं चालतं आणि ज्यानं माणसं तुटतात, कामधंदा अडतो, तिथे तपासणी हवी. आजाराचं नाव डॉक्टरच ठरवतील, आपण शिक्का मारायचा नाही.

आपण काय करू शकतो?

• तिच्या समजुतीवर वाद घालू नका, चेष्टाही नको. “तुला भीती वाटते ना?” एवढं विचारा.
• एकाच मैत्रिणीनं तिच्याशी बोलणं ठेवावं. पासबुक, हप्ता नीट समजावून सांगावं.
• “लग्न लावलं की सुधारेल” असं म्हणू नका.
• झोप उडाली, जेवण तुटलं, उदास झाली, मरणाची भाषा केली, तर थांबू नका. आशाताईंना सांगा, सिव्हिलमध्ये मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. समुपदेशनानं आणि गरजेप्रमाणे औषधानं त्रास कमी होतो.
• टेलि-मानस १४४१६ हा सरकारी फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, साखळीनं बांधणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आपल्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी अनेक वर्षं झटले.

ती बैठकीला येते, म्हणजे तिला आपल्यात यायचंय. तिची जागा राखून ठेवा.