आमिषाआधी ओहोटी

रायगडात ज्याला जिताडा म्हणतात आणि मालवण-गोव्याकडे चोणक, तो मासा गळाला लावायचा म्हटले की पहिला प्रश्न आमिषाचा निघतो. कोळंबी जिवंतच हवी की ताजी मेलेली चालते, बोय बरी की निवटी, दुकानातल्या रबरी माशाला तो खरेच फसतो का, यावर खाडीकाठी तासन्‌तास वाद रंगतात. वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांचे बरोबरच असते, कारण हा मासा यातले सगळेच खातो. म्हणूनच या वादातून काही निष्पन्न होत नाही. पाणी कुठून कुठे चालले आहे आणि सोबत कोणते भक्ष्य नेत आहे, हे आधी पाहायला हवे. ते कळले की आमिष बहुधा आपोआप ठरते; न कळले तर महागामोलाची कोळंबीही रात्रभर नुसती भिजत राहते.

याचा पुरावा माशाच्या तोंडातच आहे. 1790 मध्ये ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने त्याची शास्त्रीय नोंद केली. आज तो लेट्स कॅल्करिफर या नावाने ओळखला जातो आणि आफ्रिकेतल्या प्रचंड नाइल पर्चचा तो भाऊबंद आहे. जिताड्याचा वरचा जबडा डोळ्याच्याही मागे पोहोचतो, पण तोंडात सुळे नाहीत. बारीक दातांचे पट्टे कानशीसारखे खरखरीत लागतात. लचका तोडणे त्याला जमत नाही, तो भक्ष्य सबंध गिळतो. तेही दूरवर पाठलाग करून नव्हे. तिवराच्या मुळांशी, खडकाच्या आडोशाला किंवा बांधाच्या सावलीत तो दबा धरतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की तोंड एकदम उघडून पाण्यासकट आत ओढतो. त्या वेळचा ‘टप्प’ असा आवाज रात्री लांबवर ऐकू येतो. खाद्याच्या तपासण्यांतही हेच चित्र दिसते. वीतभराच्या पुढचा मासा पूर्ण मांसाहारी असतो. पोटात सापडणाऱ्या अन्नात कोळंबी-खेकड्यांचा वाटा सुमारे 70 टक्के आणि लहान माशांचा 30 टक्के. या माशांत बोयीची पिल्ले ठळक. म्हणजे जे प्राणी भरतीबरोबर तिवरांत शिरतात आणि ओहोटीबरोबर बाहेर पडतात, त्यांच्यावरच तो जगतो.

म्हणून ओहोटीकडे बारकाईने पाहावे लागते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढते आणि तेवढेच उतरते. तिवरांतला आडोसा पार उघडा पडतो आणि आत शिरलेल्या कोळंबीला, बोयीला मुख्य प्रवाहात यावेच लागते. तेव्हा जिताडा ओहळांच्या तोंडाशी, गढूळ आणि निवळ पाणी जिथे भिडते त्या रेघेवर उभा असतो. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसे हलत नाही, भक्ष्य मुळांतच लपून राहते आणि मासाही विखुरतो. खारबंदिस्तीची उघाडी किंवा गोव्याच्या खाजनातले मानस, म्हणजे बांधातली पाणी सोडण्याची दारे, ही या नियमाची सर्वांत स्पष्ट उदाहरणे. दार उघडले की आतले सगळे पाणी एका अरुंद वाटेने धावते. गोव्यात मानसावरच्या मासेमारीचे हक्क लिलावात विकले जात आले आहेत, ते याच जोरावर.

आता आमिष. उधाणाच्या गढूळ धारेत नजरेपेक्षा वास आणि हालचाल कामी येते, तिथे जिवंत कोळंबी सरस. तिच्या पारदर्शक डोक्यात काळसर ठिपका दिसतो. गरी त्याला चुकवून शिंगाखालून न्यावी, म्हणजे ती बराच वेळ पाय मारत राहते. बोय लावायची तर वाहत्या पाण्यात वरच्या ओठातून, मंद पाण्यात पाठीवरच्या पराजवळून. दोरीच्या टोकाला जाड नायलॉनचा हात-दोन हात तुकडा हवाच. दातांसाठी नव्हे, तर कल्ल्याच्या झाकणाच्या धारेसाठी. ती पात्यासारखी कापते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. रबरी मासा ना वासाचा, ना जिवंत. तरी जिताडा त्यावर झडप घालतो, मग ही सगळी चिकित्सा कशाला? माझ्या मते हा आक्षेप मूळ मुद्द्यालाच बळ देतो. निवळ पाण्यात, धारेच्या दिशेने, थांबत-थांबत ओढलेले रबर वाहून जाणाऱ्या बोयीसारखे दिसते. तेच धारेविरुद्ध सरसर ओढले तर बहुधा वाया जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पेण-अलिबागकडच्या गोड्या तळ्यांत पाळलेला जिताडा ओहोटी बघतच नाही, मग तिथे काय? तिथे खरोखरच आमिष वरचढ ठरते, आणि तेही जिवंत. थिजल्या पाण्यात हालचाल आमिषालाच करावी लागते; म्हणून जिवंत आमिषाचा आग्रह धरणारी मंडळी तळ्यावर बरोबर असतात. तरीही पावसाचे नवे पाणी ज्या तोंडाने तळ्यात येते, तिथला गळ सहसा आधी हलतो.

जागा आणि वेळ साधली की मोठा मासा हाताशी येतो, आणि तिथे एक गोष्ट तातडीने सांगायला हवी. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि साधारण सहा ते आठ वर्षांचा झाला की मादी होतो. म्हणजे मीटरभराचा मासा बहुधा अंड्यांची मादी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये म्हणूनच 58 सेंटिमीटरपेक्षा लहान आणि 120 पेक्षा मोठा मासा ठेवता येत नाही. चेन्नईच्या निमखारे पाणी मत्स्यशेती संस्थेने 1997 मध्ये त्याचे नियंत्रित प्रजनन साधले, तेव्हा बीज उबवणीतून मिळेल, असे म्हणता येईल. पण खाडीतला साठा खाडीतल्या माद्यांवरच टिकतो. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना आहे, काठावरच्या गळाला नाही, आणि विणीसाठी माद्या खाडीच्या मुखाशी येतात त्या याच पावसाळ्यात. त्या दिवसांत मुखाकडची जागा सोडून वरच्या ओहळांवर बसावे. टोक आत वळलेली गोल गरी वापरावी. ती झटका न देता, दोरी ताणली की ओठाच्या कोपऱ्यात रुतते, पोटात जात नाही. मग मोठी मादी पाण्यातच ठेवून गरी काढता येते.