सुवाह्य सॉफ्टवेअर
सुवाह्य किंवा पोर्टेबल सॉफ्टवेअर म्हणजे संगणकावर स्थापित न करता बाह्य हार्ड डिस्क अथवा पेन ड्राइव्हवरून थेट चालवता येणारे सॉफ्टवेअर होय. शाळा वा ग्रंथालयातील संगणकावर स्थापनेची परवानगी नसते, तेथे ते विशेष उपयोगी पडते.

विंडोज प्रणालीत सर्वसाधारण सॉफ्टवेअरच्या फायली निवडलेल्या फोल्डरमध्ये जातात. मात्र त्याच्या अनेक नोंदी ‘रजिस्ट्री’ या त्या संगणकाच्याच नोंदसंग्रहात होतात. त्यामुळे स्थापनेसाठी बाह्य डिस्क निवडली, तरी ते सॉफ्टवेअर दुसऱ्या संगणकावर चालेलच असे नाही. याउलट सुवाह्य सॉफ्टवेअर आपली मांडणी स्वतःच्याच फोल्डरमध्ये जतन करते. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांच्या अशा आवृत्त्या उपलब्ध आहेत.

विंडोज बाह्य डिस्कला एक अक्षर देते. ते बदलल्यास तेथे स्थापित केलेल्या सॉफ्टवेअरचे शॉर्टकट निकामी होतात. ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून ते अक्षर ठरवून देता येते. वेग जोडणीवरही अवलंबून असतो : यूएसबी २.० ची सैद्धांतिक कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट, तर यूएसबी ३.० ची ५ गिगाबिट आहे.

सॉफ्टवेअर चालू असताना केबल काढल्यास अर्धवट लिहिलेली फाइल खराब होऊ शकते व केलेले काम वाया जाते. म्हणून प्रथम सॉफ्टवेअर बंद करून मगच डिस्क सुरक्षितपणे विलग करावी. सार्वजनिक संगणकावरून डिस्कमध्ये विषाणू शिरण्याचा धोका असल्याने महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे आवश्यक ठरते.