यवद्वीपची कॉफी : नांव, रोप आणि स्वाद

दप्तराच्या रुमालावर एक नांव असावें आणि आंत भलत्याच घराण्याचे कागद निघावे, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. व्यापारी मालाच्या नांवांचीहि पुष्कळदां तीच गत होते. 'जावा' हें नांव कॉफीच्या संबंधांत अठराव्या शतकापासून युरोपच्या बाजारांत चालत आलें. अमेरिकेंत तर लोक बोलण्यांत कॉफीलाच 'जावा' म्हणूं लागले. रामायणाच्या किष्किंधाकांडांत ज्या यवद्वीपाचा उल्लेख आहे तें हेंच बेट, असें बहुतेक विद्वान् मानितात. तें आज इंडोनेशिया या द्वीपराष्ट्राचा भाग आहे. कॉफी मात्र तेथील मूळची नव्हे. ती तेथें कोठून आली, आणि तिचा म्हणून जो स्वाद नांवाजला गेला तो भूमीचा, रोपाचा कीं मनुष्याच्या हाताचा, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम रोपाची वंशावळ. ज्या जातीस वनस्पतिशास्त्रज्ञ 'अरेबिका' म्हणतात तिचें मूळ रानटी झाड इथिओपियाच्या डोंगरांतील. तिची लागवड व व्यापार येमेनच्या अरबांनीं वाढविला. माल मोखा बंदरांतून निघे म्हणून त्याचें नांव 'मोखा' पडलें. वस्तुतः मोखा हें रेताड किनाऱ्यावरील बंदर. कॉफी पिके ती आंतल्या उंच डोंगरांवर. चुकीच्या रुमालाचें हें पहिलें उदाहरण.

डचांनीं १६६३ मध्यें कोचीन व कण्णूर हीं ठाणीं पोर्तुगीजांपासून घेतलीं. ॲम्स्टरडॅमचे नगराध्यक्ष निकोलास विट्सेन यांनीं आग्रह धरिल्यावरून मलबारचा डच अधिकारी आद्रियान व्हान ओमेन यानें १६९६ मध्यें कण्णूरहून कॉफीचीं रोपें बटावियास, म्हणजे आजच्या जाकार्तास, पाठविलीं. गव्हर्नर-जनरल व्हान आउटहूर्न यानें तीं शहराजवळ केडावुंग येथें लाविलीं. पण तीं टिकलीं नाहींत. १६९९ मध्यें हेन्रिकस झ्वार्डेक्रून यानें मलबारहूनच पुन्हां रोपें नेलीं, व त्यांपासून जावाची लागवड वाढली. तात्पर्य, ज्या कॉफीस जग 'जावा' म्हणून ओळखूं लागलें तिचें घराणें आमच्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेलें आहे. म्हैसूरच्या चंद्रगिरीवर बाबा बुदन यांनीं येमेनहून सात बिया आणून लाविल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. कण्णूरचीं रोपें तिच्याच वंशांतलीं असें कित्येक लेखक धरून चालतात. आम्हांस ही घाई वाटते. मलबारच्या बंदरांत अरब गलबतांची ये-जा शतकानुशतकें होती. बीं थेट त्यांच्याकडूनहि आलें असेल. आख्यायिकेनें कागदाची जागा भरून काढूं नये.

१७०६ मध्यें जावाचे दाणे व एक झाड ॲम्स्टरडॅमला पोंचलें. तेथील वनस्पतिबागेंत त्याची प्रजा वाढली, व तींतील एक झाड १७१४ मध्यें फ्रान्सचा राजा चौदावा लुई यास नजर करण्यांत आलें. अमेरिका खंडांतील कॉफीच्या पुष्कळशा बागा याच शाखेच्या आहेत.

जावांत कंपनीनें लागवड स्वतः केली नाहीं. पश्चिमेकडील प्रेआंगर या डोंगराळ मुलखांतील देशी सरदारांवर ती लादली. दाणे ठरलेल्या भावानें घालावे असा करार होता, आणि भाव ठरविणारी कंपनीच. १७२० नंतरच्या थोड्याच वर्षांत ॲम्स्टरडॅमच्या बाजारांत जावाच्या मालानें मोख्याच्या मालास मागें टाकिलें. तोंच कंपनीनें भाव उतरविले. कंपनी १७९९ च्या अखेरीस बुडाली, पण पद्धत बुडाली नाहीं. १८३० मध्यें व्हान डेन बॉश यानें सक्तीच्या लागवडीची पद्धत साऱ्या जावाभर चालविली. गांवाच्या जमिनीचा पांचवा हिस्सा सरकारी पिकास द्यावा, असा कागदोपत्रीं नियम होता. कॉफीच्या बाबतींत या नियमास फारसा अर्थ नव्हता. कारण ती भातखाचरांत होत नाहीं, डोंगरउतारावरील रान तोडून लावावी लागते. म्हणून रयतेचें गेलें तें शेत नव्हे, तर दिवस: रान तोडण्याचे, फळ वेंचण्याचे, आणि पाठीवर ओझें घेऊन सरकारी कोठारापर्यंत चालण्याचे. एडुआर्ड डौवेस डेकर या डच अधिकाऱ्यानें 'मुल्तातुली' या टोपणनांवानें १८६० मध्यें 'मॅक्स हावेलार' ही कादंबरी प्रसिद्ध करून हा जुलूम हॉलंडच्या वाचकांपुढें मांडिला. तिच्या उपनामांतच डच व्यापारी मंडळाच्या कॉफी-लिलावांचा उल्लेख आहे.

येथें एका शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. मलायी भाषेंत कॉफीस 'कोपी' म्हणतात. हा उघडच डच शब्दाचा अवतार. पण पश्चिम सुमात्रांतील मिनांगकाबाऊ लोक कॉफीचीं पानें विस्तवावर वाळवून त्यांचा काढा पितात व त्यास 'कावा' म्हणतात. लोकांची समजूत अशी कीं, सक्तीच्या काळांत दाणा सरकारजमा होई व लावणाऱ्याच्या वांट्यास पानेंच उरत. तें कसेंहि असो. 'कावा' हा शब्द डच तोंडांतून आलेला दिसत नाहीं, अरबी 'कह्वा'शीं त्याचें नातें सरळ आहे. तेव्हां या पेयाची ओळख तेथें मक्केच्या यात्रेकरूंच्या किंवा अरब व्यापाऱ्यांच्या मार्गें झाली असावी, हें अनुमान आम्हांस सयुक्तिक वाटतें.

आतां स्वादाविषयीं. उंच व थंड जागीं फळ सावकाश पिकतें, दाणा घट्ट होतो व त्यांत आम्लता आणि सुगंध अधिक उतरतो, हा सर्वसाधारण नियम. येमेनची कॉफी तिखट सुगंधाची व आंबूस. ज्या जुन्या 'सरकारी जावा'ची कीर्ति झाली ती याच्या उलट: जड, गोडसर, आंबटपणा जवळजवळ गेलेली, आणि दाण्याचा रंग हिरवा नव्हे, तांबूस. हा गुण झाडाचा नव्हता. माल दमट कोठारांत वर्षानुवर्षें पडून राही. मग शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेस वळसा घालून कित्येक महिने जाई. त्या उबेंत व ओलाव्यांत दाणा पाणी पिऊन फुगे, रंग पालटे व आम्लता मरे. दोष म्हणून जें टाकावयाचें त्यास गिऱ्हाईक गुण मानून अधिक दाम देऊं लागलें. मोख्याचा तजेला आणि जावाचा जडपणा एकत्र करावा म्हणून 'मोखा-जावा' हें मिश्रण निघालें. १८६९ मध्यें सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, आणि तो स्वाद हरवूं लागला. तेव्हां कांहीं व्यापारी दाण्यांस मुद्दाम घाम आणूं लागले! आमच्या मलबार किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यांत दाणे पसरून आजहि जो 'मान्सून मलबार' माल तयार करितात तो याच हरवलेल्या प्रवासाची नक्कल होय.

१८७० नंतरच्या दशकांत सिंहलद्वीपांतील पानांवरचा तांबेरा जावा-सुमात्रांत पोंचला व सखल भागांतील अरेबिका नष्ट झाली. १९०० च्या सुमारास आणिलेली रोबस्टा जात रोगास टिकली. आज इंडोनेशियांत पिकणाऱ्या कॉफीचा बहुतांश भाग याच कडवट जातीचा आहे. अरेबिका राहिली ती उंचावर: आचेच्या गायो प्रदेशांत, तोबा सरोवराभोंवतीं, सुलावेसीच्या तोराजा मुलखांत, बालीच्या किंतामणींत, जावाच्या इजेन पठारावर.

यांतहि सुमात्राचा स्वाद निराळा. अन्यत्र फळाचा गर काढून, धुऊन, दाणा आंतल्या कागदी सालीसकट पुरता वाळवितात. पाणी शेंकडा ११-१२ उरलें म्हणजे साल काढितात. सुमात्रांत पाऊस फारसा उघडत नाहीं व शेतकऱ्यास पैसा लौकर हवा असतो. म्हणून शेंकडा ३० हून अधिक ओल असतांच दाणा भरडतात व मग उघडाच वाळवितात. यास 'गिलिंग बसाह', म्हणजे ओली भरड, म्हणतात. असा दाणा निळसर हिरवा दिसतो. पेय जड, कमी आंबट, आणि ओल्या मातीचा व पालापाचोळ्याचा वास असलेलें होतें. इजेनवर धुऊन पुरता वाळविलेला दाणा त्याच वंशाचा असूनहि स्वच्छ व हलका लागतो. सुमात्राच्या मालास 'मांडेलिंग' म्हणतात तेंहि दक्षिणेकडील मांडाइलिंग लोकांवरून. पुष्कळसा माल मात्र येतो तोबा सरोवराकाठच्या बातक शेतकऱ्यांकडून. उदमांजराच्या विष्ठेंतून वेंचलेल्या 'लुवाक' कॉफीची कीर्ति मोठी आहे. परंतु तिच्यासाठीं तें जनावर आतां पिंजऱ्यांत कोंडतात, एवढें सांगून आम्ही ती गोष्ट सोडून देतों.

कंपनीचें मुख्य दप्तर हेग येथें व बटावियाचें जाकार्ता येथें आहे. मलबारच्या डच वखारीचे कागद मात्र चेन्नईच्या सरकारी दप्तरखान्यांत आहेत. कण्णूरच्या रोपांचें मूळ शोधूं इच्छिणाऱ्यानें डच भाषेची तयारी करून १६९६ ते १६९९ या सालांपासून तेथें आरंभ करावा.